१९ डिसेंबरच्या अलीकडचा जन्म

गोव्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी सकाळी दहाच्या सुमारास नोंदणी कचेरीत डोकावून पाहा. लग्नाची सही करायला आलेली जोडपी दिसतील, खरेदीखत घेऊन आलेली माणसं दिसतील, आणि बाकावर प्लास्टिकची फाईल मांडीवर ठेवून बसलेली चार माणसं दिसतील. या चौघांना आजोबांचा नाहीतर आईचा जन्मदाखला हवा असतो. तोही साधा नाही. मूळ वहीतली नोंद पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत जशीच्या तशी उतरवलेला दाखला, ज्याला आपण अजून पोर्तुगीज नावानेच 'तेओर' म्हणतो. शाळेत किंवा रेशनकार्डाला तेओर कुणी मागत नाही. तो लिस्बनला जातो.

बाकीच्या भारतात परदेशी जायचं म्हणजे व्हिसा, मुलाखत, बँकेतल्या शिलकीचा पुरावा. गोव्यात, आणि दमण-दीवमध्येही, याशिवाय आणखी एक वाट आहे, आणि ती आजोबांच्या जन्मनोंदीतून जाते. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "पोर्तुगीज राज्य जाऊन साठ वर्षं उलटली, मग पासपोर्ट अजून कसा मिळतो हो?" आणि आपल्याकडच्या काही घरांत, विशेषतः जिथे कुणी मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलं होतं तिथे, हा विषय निघाला की आवाज चढतात. मला दोन्ही बाजू समजतात. पण भांडण्यापूर्वी कागद पाहावेत म्हणून हा लेख. एकाच तारखेबद्दल दोन देशांनी दोन वेगळे कायदे केले. ते कधी नीट जुळले नाहीत. त्या फटीतून ही वाट निघाली आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्या घरांना तिची किंमतही द्यावी लागते.

आधी मुक्तीपूर्व काळात गोवेकराचा दर्जा काय होता ते पाहू. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत बहुसंख्य स्थानिकांना 'इंदिजेना' ठरवून नागरिकत्वाच्या बाहेर ठेवणारा कायदा होता. गोव्याला तो लागू नव्हता. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, तेव्हापासून हिंदूही कायद्यापुढे बरोबरीचे ठरले. १९५१ मध्ये सालाझारच्या सरकारने घटना बदलून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि 'सागरपार प्रांत' असं नाव दिलं. वसाहती सोडा असं जगभरातून म्हटलं जाऊ लागलं होतं, त्यावर हा उपाय: आमच्याकडे वसाहतीच नाहीत! उपाय हास्यास्पद होता हे खरं. लग्नपत्रिका छापायची तरी ती सेन्सॉरकडे न्यावी लागे, अशी आठवण जुनी माणसं सांगतात, त्या राज्यातलं हे नागरिकत्व. बोलायचं स्वातंत्र्य नाही, सभा घ्यायचं नाही. पण कागदावर डिचोलीत जन्मलेलं मूल आणि लिस्बनमध्ये जन्मलेलं मूल एकाच राष्ट्रीयत्वाचं होतं. पुढचा सगळा प्रकार या कागदावर उभा आहे.

तेव्हा गोवेकराला खरी अडचण युरोपात जाण्याची नव्हती, शेजारी जाण्याची होती. आपली नातीगोती सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडे. ख्रिस्ती घरांतले पुरुष मुंबईच्या कुडांत, बोटींवर, पूर्व आफ्रिकेत. ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. १९५४ पासून ती आवळत गेली आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारत सरकारने कोंडी पक्की केली. कॅसलरॉकवरून येणारी रेल्वे थांबली. माहेर सावंतवाडी आणि सासर पेडणे अशा बायकांना मधला डोंगर ओलांडायला परवाने लागू लागले. गोवेकराच्या घरात 'परवाना' हा शब्द असा परदेशाच्या आधी माहेरासाठी आला.

मग डिसेंबर १९६१. आपण मुक्तिदिन १९ तारखेला पाळतो, कायदा मात्र २० तारीख धरतो. घटनेची बारावी दुरुस्ती मार्च १९६२ मध्ये झाली, पण तिचा अंमल २० डिसेंबर १९६१ पासून मागे नेऊन लावला. त्या दिवसापासून गोवा, दमण आणि दीव हा भारताचा केंद्रशासित प्रदेश. पाठोपाठ २८ मार्च १९६२ चा नागरिकत्वाचा आदेश निघाला. त्यात म्हटलं होतं की, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याचे आई-वडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कुणी इथे जन्मलं, तो त्या तारखेपासून भारतीय नागरिक समजावा. अर्ज नको, शपथ नको. फक्त ज्याला जुनं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल त्याने आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात लेखी कळवावं.

एक महिना! सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर त्या आदेशाची बातमी पोचायलाच महिना लागला असता. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही आणि ते भारतीय झाले. बहुतेकांना तेच हवंही होतं. पण लक्षात घ्या, भारताच्या बाजूने हा प्रश्न तिथे संपला. गोवेकराने काही सोडलं असं कुठेच लिहिलेलं नाही. त्याला काही मिळालं, एवढंच लिहिलं आहे. पोर्तुगालने तर तेव्हा गोवा गेला हेच मान्य केलं नव्हतं. लिस्बनच्या दप्तरी 'इश्तादु द इंदिया' हा प्रांत आणखी तेरा वर्षं जिवंत होता आणि त्याची प्रजा पोर्तुगीजच होती.

ज्यांनी महिन्याभरात 'आम्ही पोर्तुगीजच राहणार' असं कळवलं, त्यांच्यात मोंतेरो नावाचे एक पाद्री होते. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं म्हणून ते आज वाचता येतं. जन्म गोव्याचा, राहणं गोव्याचं, पण आता ते परदेशी. विदेशी नागरिक म्हणून त्यांची नोंद झाली आणि नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याचा परवाना मिळाला. मुदत संपली, त्यांनी तो वाढवून मागितला नाही, गोवा सोडलाही नाही. स्वतःच्या गावात परवान्याशिवाय राहिल्याबद्दल विदेशी व्यक्ती कायद्याखाली खटला झाला, थोड्या दिवसांची साधी कैद आणि दंड झाला. त्यांचा युक्तिवाद असा की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, आणि जिनिव्हा करारांप्रमाणे व्यापलेल्या प्रदेशातल्या माणसाला बाहेर घालवता येत नाही. २६ मार्च १९६९ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. लढाई संपली, प्रदेश घटनेने भारतात सामील झाला, तेव्हा तो 'व्यापलेला' राहिलेला नाही, असा निकाल.

त्याच वर्षाच्या जानेवारीत मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला आला, सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये पकडला गेला आणि पुढे पोर्तुगालला नेला गेला. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं तो तिकडेच कैदेत होता. गोव्यासाठी लढलेला मराठी माणूस पोर्तुगालच्या तुरुंगात, आणि गोव्यात जन्मलेला पाद्री गोव्यातच परदेशी. दोन्ही गोष्टी १९६९ च्या पहिल्या तीन महिन्यांत मिटल्या. शाळेच्या पुस्तकात पहिली येते, दुसरी येत नाही. मला वाटतं दोन्ही एकाच पानावर छापाव्यात.

लिस्बनमध्ये २५ एप्रिल १९७४ ला लष्करी उठाव होऊन हुकूमशाही संपली आणि वर्ष सरायच्या आत, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांची सही, भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांची. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं, आणि तेही करार झाला त्या दिवसापासून नव्हे, तर भारताच्या घटनेप्रमाणे ते प्रदेश भारताचे झाले त्या तारखांपासून. म्हणजे लिस्बननेही मागे जाऊन २० डिसेंबर १९६१ हीच रेघ कबूल केली. प्रदेशाचा हिशेब असा मिटला. माणसांचा मिटला नाही.

१९७५ च्या जूनमध्ये पोर्तुगालने आणखी एक कायदा केला. अंगोला, मोझांबिक वगैरे स्वतंत्र होत होते. तिथले लाखो लोक पोर्तुगीज म्हणून दारात उभे राहतील ही भीती होती. म्हणून स्वतंत्र झालेल्या प्रदेशातल्या रहिवाशांचं राष्ट्रीयत्व काढून घेणारा हा कायदा. त्यात काही अपवाद ठेवले, आणि त्यातला एक अपवाद आपल्याबद्दल होता: पूर्वीच्या पोर्तुगीज भारतात जन्मलेल्यांपैकी ज्यांना राष्ट्रीयत्व राखायचं आहे असं ते कळवतील, त्यांचं राहील. भारताने दिलेली मुदत महिन्याची होती. इथे तसं काही आड आलं नाही. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पुढची पिढी जोडून दिली. पोर्तुगीज आई किंवा बापाचं मूल परदेशात जन्मलं तरी जन्म पोर्तुगालच्या दप्तरी नोंदवला की ते पोर्तुगीज.

या दोन कायद्यांची बेरीज म्हणजे आजची वाट. आजोबा २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले. त्यांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत उतरवायचा. ते हयात नसले तरी चालतं. मग त्यांचं लग्न. मग वडिलांचा जन्म, मग वडिलांचं लग्न, मग आपला जन्म. मधली पायरी गाळता येत नाही. पोर्तुगालच्या नजरेत हे नवं नागरिकत्व देणं नसतंच; जे होतं ते नोंदवून घेणं असतं. म्हणून भाषेची परीक्षा नाही, तिथे राहण्याची अट नाही.

सुरुवातीला या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. पोर्तुगाल तेव्हा गरीब देश, त्याचेच लोक फ्रान्स-जर्मनीत मजुरीला जात. १ जानेवारी १९८६ ला तो युरोपीय समुदायात आला आणि हळूहळू त्या लाल पासपोर्टाचा अर्थ बदलला. आता तो लिस्बनचा पासपोर्ट राहिला नव्हता. लंडनचा होता, पॅरिसचा होता. आपली माणसं लिस्बनला थोडी आणि इंग्लंडला जास्त गेली. स्विंडन या रेल्वेच्या जुन्या कारखान्यांच्या गावात गोवेकरांची मोठी वस्ती झाली, साउथहॉल-वेम्बलीकडेही झाली; दमण-दीवचे लोक लेस्टरकडे गेले. गोदामं, कारखाने, इस्पितळातली साफसफाई, हॉटेलं ही तिथली कामं. आधी मुख्यतः सासष्टी-बार्देशची ख्रिस्ती घरं, नंतर हिंदू आणि मुसलमानही. आखातात आणि बोटींवर जे कमवायचे त्यांना पहिल्यांदाच बायकामुलांसकट राहता येईल अशी जागा मिळाली. आखाती व्हिसावर माणूस कितीही वर्षं राबला तरी शेवटी परत यावंच लागतं. हा फरक ज्यांनी भोगला त्यांनाच कळेल.

आता वह्यांकडे येऊ, कारण आपल्यासारख्यांना गंमत तिथे आहे.

प्रजासत्ताक आल्यावर पोर्तुगालने जन्म-लग्न-मृत्यूची नोंद चर्चच्या हातून काढून सरकारी केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती व्यवस्था गोव्यात आली आणि हिंदूंचे जन्मही त्याच वहीत, त्याच साच्यात लिहिले जाऊ लागले. ही नोंद वाचण्यासारखी असते. जन्माचा तास, गाव, आई-वडिलांची नावं, त्यांची मूळ गावं, बापाचा धंदा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, खबर देणारा, साक्षीदार. आपली कुलवृत्तांतं चाळली तर पंधरा पिढ्यांचे पुरुष मिळतात आणि बायका 'अमक्याची कन्या' एवढ्यावर संपतात. पाखल्याच्या वहीत मात्र आईच्या आईचंही नाव असतं. आपल्या पणजीचं माहेरचं नाव कितीतरी घरांना पहिल्यांदा कळलं ते पासपोर्टाच्या भानगडीत तेओर काढला तेव्हा.

पण नाव कळलं तरी ते ओळखू यायला पाहिजे. लिहिणारा कारकून कोकणी कानांनी ऐकून पोर्तुगीज लिपीत उतरवायचा. पोर्तुगीजमध्ये तेव्हा 'के' हे अक्षर सहसा वापरात नव्हतं, म्हणून 'क'ला 'सी' किंवा 'क्यू-यू'. 'श'ला 'एक्स'. शब्दाच्या शेवटी एखादा स्वर जास्तीचा. असं करत पुंडलिकाचा पुंदोलिका झाला, यशवंताचा एश्वोंता, शंकराचा शंकोरा. शेणव्याचा 'सिनाय', प्रभूचा 'पोरोबू', कामताचा 'कामोतीं'. केणी 'क्यू'ने सुरू होतात आणि शेट 'एक्स'ने. मुक्तीनंतर मराठी-इंग्रजी शाळा आल्या, हजेरीपटावर नाव इंग्रजी वळणाने लागलं, 'सिनाय' गळलं, 'पोरोबू'चा प्रभू परत आला. काहींनी ते अभिमानाने बदललं, बहुतेकांच्या बाबतीत मास्तरांनी जसं लिहिलं तसं राहिलं. परिणाम असा की आजोबा वहीत एक, जमिनीच्या कागदावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे. तिन्ही एकच माणूस, हे लिस्बनच्या कारकुनाला पटवायचं!

बायकांची तर आणखी पंचाईत. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत. माहेरची एक आणि सासरची दुसरी, यांना जोडणारा एकच धागा म्हणजे लग्नाची नोंद. ती नोंदणी कचेरीत सही करून झाली असेल तर ठीक. नुसतं भटजींसमोर झालं असेल आणि सही राहून गेली असेल तर आजीबाई कागदोपत्री दोन बायका. गोव्यात नाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली मूळ नोंदीत दुरुस्ती होते, शिवाय प्रतिज्ञापत्रं. पण जितक्या दुरुस्त्या तितका संशय. यातूनच एजंटांचा धंदा वाढला. बरेच प्रामाणिक आहेत, जुनी हस्ताक्षरं वाचता येणारी आणि कुठल्या कचेरीत कुठलं साल आहे हे तोंडपाठ असणारी माणसं त्यांच्यात आहेत. काहींनी खोटे आजोबाही उभे केले.

आता भारताची बाजू. आपल्या घटनेच्या नवव्या कलमाप्रमाणे आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा त्याचा पुरावा धरला जातो. लिस्बन म्हणतं, तुम्ही जन्मापासूनच आमचे होता, नवीन काही घेतलेलं नाही. दिल्ली म्हणते, तुम्ही आज काहीतरी घेतलं आणि आमचं सोडलं. आपापल्या कायद्यात दोघेही बरोबर आहेत. माणूस मधे. नुसती जन्मनोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही, तर काय? यावरून गोव्यात निवडणुकीच्या वेळी आणि कोर्टात किती वाद झाले ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना सांगायला नको.

सोडणाऱ्याचं काय जातं? मत जातं, सरकारी नोकरी जाते. ओसीआय कार्ड मिळालं तर येणं-राहणं सोपं होतं, घर घेता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळागर राखणाऱ्या घरांना ही अट फार जवळून लागते. शिवाय ज्यांनी पोर्तुगीज नोंद झाल्यावरही भारतीय पासपोर्ट वापरला, त्यांचा तो रद्द होऊ लागला. मग पासपोर्ट परत केल्याचा दाखला मिळेना आणि त्या दाखल्याशिवाय ओसीआय मिळेना. २०२४ मध्ये रद्द केल्याचा कागदही त्यासाठी चालेल असं केंद्राने मान्य केल्यावर त्यातल्या काहींचा श्वास मोकळा झाला.

मधल्या काळात इंग्लंडनेच दार लावलं. २०१६ चं सार्वमत, ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोकळी ये-जा बंद. आधी पोचलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून कायम राहता आलं. त्यानंतर निघालेल्या गोवेकराला पोर्तुगीज पासपोर्ट असूनही इंग्लंडात नोकरीसाठी व्हिसा लागतो, जसा पुण्या-नागपूरच्या माणसाला लागतो. आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि खुद्द पोर्तुगाल अजून मोकळे आहेत, पण तिथे मावशी-काका नाहीत, आणि आयर्लंड सोडला तर भाषाही वेगळी. काही घरांत थोरला स्विंडनला आणि धाकटा फाईल हातात घेऊन इथेच, अशी स्थिती आहे. फाईल पूर्ण व्हायला जी वर्षं लागली त्यात सगळं बदलून गेलं.

मंडळाच्या वाचकांना एक विनंती आहे. घरात पणजोबा-आजोबांचा तेओर काढलेला असेल, मग पासपोर्ट केला असो की नसो, तर त्याची एक झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो मंडळाकडे द्यावा. हयात माणसांची नावं झाकून द्यावीत. आपण गावनिहाय नावांची जुनी पोर्तुगीज रूपं, धंदे आणि बायकांची माहेरं यांची यादी करत आहोत. जुन्या वह्यांची पानं कडेने सुटू लागली आहेत, काहींवरची शाई पावसाळी ओलीने पसरली आहे, आणि ते हस्ताक्षर सहज वाचणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत.